धावणाऱ्या मुलीची पाळी थांबते तेव्हा

नाशिकहून एका आईने लिहिलेले पत्र थोडे संक्षिप्त करून देत आहे.

"माझी मुलगी १९ वर्षांची असून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेली चार वर्षे ती लांब पल्ल्याच्या शर्यतींचा सराव करते. दीड वर्षापूर्वी प्रशिक्षकांनी तिला सांगितले, की वजन उतरवले तर वेळ सुधारेल. तेव्हा ती ५१ किलोची होती, आता ४६ किलोची आहे आणि गेले पाच-सहा महिने वजन तिथेच आहे. उंची १६० सेंटिमीटर. पहाटे साडेपाचला काळी कॉफी पिऊन ती मैदानावर जाते आणि आठवड्यातले सहा दिवस रोज साधारण १२ किलोमीटर धावते. भात, तूप, साखर सोडली आहे. नाश्त्याला दोन अंडी आणि एक फळ, दोन्ही जेवणांत तीन फुलके, भाजी, वरण, भरपूर काकडी-टोमॅटो, संध्याकाळी कपभर दूध. सोमवारी उपास. आठ महिने तिला पाळी आलेली नाही. प्रशिक्षक म्हणतात, चांगला सराव चालू असला की मुलींची पाळी थांबतेच. आमच्या डॉक्टरांनी पाळी येण्यासाठी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, पण त्या संपल्यावरही पाळी आली नाही. सोनोग्राफीत अंडाशयात बारीक बारीक पुटकुळ्या दिसल्या म्हणून नातेवाईक म्हणतात, हे पीसीओडी आहे, वजन आणखी कमी करा. तीन महिन्यांपूर्वी तिच्या नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणारी चीर) झाले होते, आता ती पुन्हा धावू लागली आहे. सासूबाई म्हणतात, धावणे बंद करा, नाहीतर पुढे मूल होणार नाही. मी कोणाचे ऐकू?"

प्रिय ताई,

तुम्ही वजन, उंची, अंतर आणि ताटातले पदार्थ इतके नेमकेपणाने लिहिले आहेत, की तुमच्या पत्राला उत्तर देणे सोपे झाले आहे. प्रशिक्षकांचे म्हणणे चुकीचे आहे आणि ते धोकादायकही आहे. नातेवाइकांचा सल्ला तुमच्या मुलीच्या बाबतीत उलटा परिणाम करील. सासूबाईंची काळजी योग्य आहे, मात्र त्यांनी दोष चुकीच्या ठिकाणी ठेवला आहे, कारण तिची पाळी बहुधा धावण्यामुळे नव्हे, तर धावूनही पुरेसे न खाल्ल्यामुळे थांबली आहे. "बहुधा" असे म्हणतो, कारण प्रत्यक्ष तपासणीशिवाय निदान करता येत नाही आणि इतर कारणे वगळणे आवश्यक असते. त्या तपासण्यांविषयी पुढे लिहितो. तरीही कमी झालेले वजन, उपाशीपोटीचा सराव, थांबलेली पाळी आणि मोडलेले हाड या चार गोष्टी एकाच मुलीत एकत्र दिसतात, तेव्हा कोणत्याही जाणकार डॉक्टरांच्या मनात पहिला संशय हाच येईल.

हे कसे घडते ते समजून घेतले, तर पुढचा सल्ला पाळणे तुम्हा दोघींना सोपे जाईल. पाळीची सुरुवात गर्भाशयात नव्हे, मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस साधारण दर तासा-दीड तासाने एका संप्रेरकाचा (हार्मोनचा) छोटा लोट सोडतो. त्या लोटांच्या लयीप्रमाणे पियुषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके रक्तात सोडते, त्यांच्या प्रभावाने अंडाशयात बीज वाढते आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार होते. ही लय मंदावली की पुढची सगळी साखळी थंडावते. अंडाशय आणि गर्भाशय पूर्ण निरोगी असूनही पाळी येत नाही, कारण वरून संदेशच आलेला नसतो.

मेंदू संदेश का थांबवतो, याचे उत्तर शरीराच्या ऊर्जेच्या हिशेबात आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक सोडतात. १९९४ साली त्याचा शोध लागला, आणि शरीरात साठा किती आहे, घरात अन्न येते आहे की नाही, हे मेंदूला कळवण्याचे मोठे काम ते करते असे त्यानंतर स्पष्ट होत गेले. खाणे कमी पडले की लेप्टिन झपाट्याने उतरते, इन्शुलिन आणि आयजीएफ-१ हे वाढीचे संप्रेरक घटते, थायरॉइडचे टी-३ हे क्रियाशील रूप कमी होते, उलट कॉर्टिसॉल आणि भुकेचे घ्रेलिन वाढते. या सगळ्या खुणा एकत्र वाचून मेंदू ठरवतो, की सध्या गर्भधारणा परवडणारी नाही. दुष्काळी वर्षात घर चूल चालू ठेवते आणि लग्नकार्य पुढे ढकलते, तसाच हा निर्णय आहे. हृदय, मेंदू आणि धावणारे स्नायू यांना ऊर्जा मिळत राहते. पाळी, हाडांची बांधणी आणि रोगप्रतिकार यांच्या वाट्याची ऊर्जा कापली जाते.

आता तुमच्या घरातला खरा वाद हा आहे, की दोष धावण्याचा की खाण्याचा. या प्रश्नावर सुंदर संशोधन झालेले आहे आणि ते सासूबाईंनाही सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत ॲन लॉक्स या संशोधिकेने नियमित पाळी असलेल्या, व्यायामाची सवय नसलेल्या तरुणींवर प्रयोग केले. व्यायामात खर्च झालेली ऊर्जा अन्नातून भरून दिली, तेव्हा भरपूर व्यायाम करूनही एलएचची लय बिघडली नाही. अन्न कमी केले, तेव्हा ती काही दिवसांतच मंदावली. २००३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अवघ्या पाच दिवसांच्या तुटीने हा फरक दिसला होता. माकडिणींवरचा प्रयोग तर आणखी बोलका आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात माकडिणींना हळूहळू अधिकाधिक धावायला लावले, अन्न मात्र वाढवले नाही, आणि आठही जणींची पाळी थांबली. त्यांपैकी चौघींचे धावणे जराही कमी न करता फक्त खाणे वाढवले, आणि चौघींचीही पाळी परत आली.

लॉक्स यांच्या कामातून हिशेबाची एक रीतही मिळाली. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींमधून व्यायामात खर्च झालेल्या कॅलरी वजा करायच्या आणि उरलेल्या आकड्याला, चरबी वगळून शरीराचे जे वजन राहते, त्याने भागायचे. उत्तर ४५ च्या आसपास आले तर शरीराचे सगळे व्यवहार नीट चालतात. ३० च्या खाली गेले तर संप्रेरकांची गडबड होण्याची शक्यता खूप वाढते. ३० ही काटेकोर सीमारेषा नाही, कोणाचे बिनसणे त्याआधीच सुरू होते तर कोणी त्याखालीही काही काळ तग धरते, पण अंदाज घ्यायला ती पुरते.

तुमच्या मुलीचा हिशेब मांडून पाहू. ४६ किलोतून चरबी वगळली तर साधारण ३८ किलो उरतात. धावण्याला दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक कॅलरी लागते, म्हणजे १२ किलोमीटरला साडेपाचशेच्या आसपास. तुम्ही लिहिलेल्या पदार्थांची बेरीज माझ्या अंदाजाने १,४०० कॅलरींच्या जवळपास भरते, आणि सोमवारी तेवढीही नाही. १,४०० वजा ५५० म्हणजे ८५०, आणि ३८ ने भागल्यावर साधारण २२. तिला ४५ पर्यंत पोहोचायचे असेल, तर धावणे धरून दिवसाला २,२५० कॅलरींच्या आसपास खायला हवे. रोज आठशेहून अधिक कॅलरींची ही तूट आहे. "मग वजन का उतरत नाही?" असा प्रश्न तुमच्या मनात येईल. वजन स्थिर आहे म्हणजे खाणे पुरेसे आहे, असा समज खेळाडूंमध्ये आणि डॉक्टरांमध्येही आढळतो, आणि तो फसवा आहे. टी-३ कमी झाल्यावर शरीर विश्रांतीतला खर्चच घटवते, आणि मोठ्या तुटीतही काटा हलत नाही. तिला थंडी जास्त वाजते का, हातपाय गार असतात का, चिडचिड वाढली आहे का, झोप तुटते का, हे तिला विचारून पाहा. यांतल्या दोन-तीन गोष्टींना होकार मिळाला, तर मला नवल वाटणार नाही.

ही अवस्था जगाला नवीन नाही. १९९७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिनने कमी खाणे, थांबलेली पाळी आणि ठिसूळ हाडे या तिघांचा एकत्रित इशारा महिला खेळाडूंसाठी दिला होता. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याची व्याप्ती वाढवून खेळातील ऊर्जेची सापेक्ष कमतरता असे नाव दिले, कारण पुरुष खेळाडूंमध्येही टेस्टोस्टेरॉन उतरणे, हाडे कमकुवत होणे आणि सतत थकवा राहणे असे परिणाम दिसतात. मुलांना पाळीसारखी उघड खूण नसते, एवढाच फरक. म्हणून भरतीसाठी उपाशीपोटी मैदानात घाम गाळणाऱ्या मुलांच्या आयांनीही हे उत्तर वाचावे, असे मला वाटते.

पीसीओडीच्या संशयावर थोडे थांबणे गरजेचे आहे, कारण आज आपल्याकडे पाळी चुकली की हाच शब्द सर्वांत आधी उच्चारला जातो. सोनोग्राफीत अंडाशयात अनेक बारीक पुटकुळ्या दिसणे हा एकटा पुरावा नव्हे. तरुण, निरोगी मुलींमध्ये त्या दिसतात आणि ऊर्जेच्या कमतरतेने पाळी थांबलेल्या अनेक मुलींमध्येही दिसतात. पीसीओडीमध्ये, ज्याला डॉक्टर पीसीओएसही म्हणतात, पुरुषी संप्रेरके वाढलेली असतात, अनेकदा चेहऱ्यावर जाड केस किंवा हट्टी मुरूम येतात, आणि इस्ट्रोजेन साधारणपणे पुरेसे असते. तुमच्या मुलीला दिलेल्या पाच दिवसांच्या गोळ्या प्रोजेस्टेरॉन जातीच्या असाव्यात. इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे आतले अस्तर आधी वाढवलेले असेल, तरच त्या गोळ्या थांबल्यावर रक्तस्राव होतो. तो झाला नाही, म्हणजे अस्तर वाढलेच नव्हते, अर्थात इस्ट्रोजेन कमी आहे, असे मानायला जागा आहे. गोळ्या फसल्या असे तुम्हाला वाटले, पण त्या निकालाने महत्त्वाची माहिती दिली आहे आणि ती पुढच्या डॉक्टरांना अवश्य सांगा.

हा भेद किती महत्त्वाचा आहे पाहा. खऱ्या पीसीओएसमध्ये व्यायाम हे मोठे औषध आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत घेतो, इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारतो, आणि त्यामुळे अंडाशयावरचा इन्शुलिनचा दाब हलका होतो. वजन जास्त असलेल्या अशा मुलीला मी चालायला, धावायला, वजने उचलायला आग्रहाने सांगेन. तुमच्या मुलीला तोच सल्ला दिला तर तिची पाळी आणखी दूर जाईल आणि हाडे आणखी झिजतील. तोच व्यायाम एकीच्या संप्रेरकांची घडी बसवतो आणि दुसरीची विस्कटतो. ताटात काय आणि किती आहे, यावर ते ठरते.

हाडांविषयी मात्र मला स्पष्ट आणि थोडे कठोरपणे लिहिले पाहिजे. इस्ट्रोजेन हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालते, आयजीएफ-१ नवे हाड बांधायला मदत करते, आणि तिच्या शरीरात बहुधा दोन्ही कमी पडत आहेत. आयुष्यभराच्या हाडांच्या साठ्यापैकी बहुतांश साठा विशीपर्यंत जमा होतो, त्यामुळे १९ व्या वर्षीचे आठ महिने हे चाळिशीतल्या आठ महिन्यांसारखे नसतात. १९८४ मध्ये बार्बरा ड्रिंकवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळी थांबलेल्या महिला खेळाडूंच्या मणक्यांची घनता मोजली. त्या खेळाडूंचे सरासरी वय २५ च्या आसपास होते आणि मणक्यांची सरासरी घनता ५१ वर्षांच्या बाईइतकी निघाली. धावण्याने पायाच्या हाडांना बळ मिळते, हे खरे, पण इस्ट्रोजेन नसताना ते बळ पुरत नाही. तुमच्या मुलीच्या नडगीने ते दाखवून दिले आहे. ते फ्रॅक्चर आणि थांबलेली पाळी ही दोन वेगळी दुखणी आहेत, असे कोणी सांगितले तर मानू नका.

पाळी "आणण्यासाठी" गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याचा सल्ला तुम्हाला मिळण्याची शक्यता आहे. २०१७ मध्ये एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत केवळ पाळी यावी किंवा हाडे सुधारावीत या हेतूने या गोळ्या देऊ नयेत असे म्हटले आहे. गोळ्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होतो, पण तो गोळ्यांचा असतो; मेंदूची लय परत आली की नाही हे त्यामुळे झाकले जाते आणि सगळे निर्धास्त होतात. शिवाय तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन यकृतातून जाताना आयजीएफ-१ आणखी कमी करते, त्यामुळे हाडांनाही फारसा लाभ होत नाही. पुरेसा काळ खाणे सुधारूनही पाळी आलीच नाही, तर त्वचेवर लावायच्या पट्टीतून इस्ट्रोजेन आणि सोबत ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉन असा उपचार तज्ज्ञ काही काळ देतात. तो वेगळा निर्णय आहे आणि तो त्यांच्यावर सोडावा.

आता ताटाकडे वळू, कारण खरा उपचार तिथेच आहे. पाळी अनियमित झालेल्या किंवा थांबलेल्या, व्यायाम करणाऱ्या तरुणींवरचा वर्षभराचा एक नियंत्रित अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाने रोज सरासरी ३३० कॅलरी जास्त खाल्ल्या, व्यायाम चालूच ठेवला, आणि त्या गटात पाळी येण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या जवळजवळ दुप्पट निघाली. ३३० कॅलरी म्हणजे एक पेला सायीचे दूध, एक केळे आणि एक मध्यम शेंगदाण्याचा लाडू, याहून फार मोठे काही नाही. तुमच्या मुलीला याच्या दुपटीपेक्षा जास्त भर लागेल, पण ती एका दिवसात घालू नका. पोट फुगेल, ती घाबरेल आणि सगळेच सोडून देईल. पहिले दोन आठवडे एवढीच भर घाला, मग दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी वाढवा.

सर्वांत आधी पहाटेची रिकाम्या पोटाची कॉफी थांबवा. निघण्यापूर्वी अर्धा तास एक केळे किंवा चार खजूर आणि थोडे दूध एवढे पुरे. परत आल्यावर तासाभराच्या आत खरा नाश्ता व्हावा. दोन अंड्यांसोबत शेंगदाणे घातलेले पोहे, उपमा किंवा दोन पराठे द्या. दिवसभराचा आकडा जुळला तरी धावल्यानंतर चार-पाच तास उपाशी राहण्याचे परिणाम संप्रेरकांवर होतातच, म्हणून वेळेलाही महत्त्व आहे. दुपारी भात परत आणा आणि वरणावर तूप घाला. पिठूळ अन्नाला शत्रू मानण्याची सध्या पद्धत पडली आहे, पण लांब पल्ल्याच्या धावकाच्या स्नायूंचे मुख्य इंधन तेच आहे आणि ते तोडले की टी-३ लवकर उतरते. काकडी-टोमॅटोचे मोठे ताट जेवणाआधी नको. त्याने पोट भरते, ऊर्जा मिळत नाही. तुमच्या भागात नागली सहज मिळते आणि शंभर ग्रॅम नागलीत कॅल्शियम साधारण ३५० मिलिग्रॅम असते, म्हणून फुलक्यांच्या जागी रोज एका जेवणात नागलीची भाकरी आणि लोणी द्या. संध्याकाळी उसळ, दही, गूळ-शेंगदाणे, तिळाची चटणी, जे तिला आवडते ते. आवडते हा शब्द मुद्दाम लिहिला आहे, कारण दीड वर्ष आवडीचे पदार्थ नाकारलेल्या मुलीला आवडीने खाण्याची मुभा पुन्हा कोणीतरी द्यावी लागते.

सोमवारचा उपास सध्या बंद ठेवावा. श्रद्धेचा अवमान होतो असे सासूबाईंना वाटू नये म्हणून त्यांना सांगा, की आजारी माणसाला उपासातून सूट देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि मुलगी सध्या आजारी आहे.

लोहाविषयी एक बाब सांगून ठेवतो. जोरदार व्यायामानंतर यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते, ते साधारण तीन ते सहा तासांनी सर्वाधिक असते आणि त्या काळात आतड्यातून लोह कमी शोषले जाते. तपासणीत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) कमी निघून लोहाची गोळी मिळाली, तर ती सकाळी लवकर, धावण्याच्या सुमारासच, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-कॉफी तिच्यापासून लांब ठेवावी.

तपासणीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा संप्रेरकतज्ज्ञ यांच्याकडे जा. तीन महिन्यांहून अधिक काळ पाळी न येणे हे तपासणीला पुरेसे कारण आहे आणि तुमच्या मुलीचे आठ महिने झाले आहेत. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एलएच, एफएसएच, इस्ट्रॅडिऑल, पुरुषी संप्रेरके, हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि ड जीवनसत्त्व इतक्या रक्ततपासण्या साधारण लागतात. पाळी सहा महिन्यांहून अधिक काळ थांबली आहे आणि हाडही मोडले आहे, म्हणून हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्यावी. तिच्या वयात, समवयस्कांशी तुलना करणारा झेड-स्कोअर पाहायचा असतो, पन्नाशीनंतरच्या बायकांसाठीचा टी-स्कोअर नव्हे. डॉक्टर गरोदरपणाची चाचणीही सांगतील. ती प्रत्येक मुलीला सांगावीच लागते, त्यात आरोप नसतो, म्हणून घरात त्यावरून वादळ होऊ देऊ नका. डॉक्टरांनी थोडा वेळ मुलीशी एकटीने बोलू द्या असे म्हटले, तर तुम्ही आनंदाने बाहेर बसा. आईसमोर जे सांगता येत नाही, ते त्या दहा मिनिटांत बाहेर येते आणि उपचार त्यावर अवलंबून असू शकतो.

धावण्याबाबत माझे मत असे आहे, की तिने ते कायमचे सोडू नये, पण आज चालू आहे तसे चालू ठेवू नये. नडगीचे हाड पूर्ण भरले आहे असे अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून सांगेपर्यंत धावणे थांबवावे. त्या काळात पोहणे किंवा सायकल बेताने चालेल, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस वजने उचलण्याचा व्यायाम जाणकाराच्या देखरेखीखाली सुरू करावा, कारण स्नायूंचा ओढा हाडांना बांधणीचा संदेश देतो. या काळात धावणे नाही म्हणून खाणे कमी करण्याचा मोह तिला होईल. तो तुम्ही होऊ देऊ नका. परतल्यावर अंतर निम्म्याने सुरू करून हळूहळू वाढवावे आणि आठवड्यातून दोन दिवस पूर्ण विश्रांती असावी.

प्रशिक्षकांशी भांडायला जाऊ नका. त्यांना मुलीचे भले हवे आहे असे मी गृहीत धरतो. हलके शरीर वेगाने धावते ही समजूत त्यांनाही कोणीतरी शिकवलेली आहे. त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत, वेळेच्या भाषेत, बोलता येईल. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कनिष्ठ गटाच्या जलतरणपटूंच्या एका छोट्या अभ्यासात सर्वजणींचा १२ आठवड्यांचा सराव सारखा होता. ज्यांची पाळी व्यवस्थित होती, त्यांचा ४०० मीटरचा वेग सुमारे ८ टक्क्यांनी वाढला, आणि ज्यांच्या अंडाशयाचे काम ऊर्जेअभावी दबले होते, त्यांचा जवळपास १० टक्क्यांनी घटला. अमेरिकेची मेरी केन २०१३ मध्ये १७ व्या वर्षी जागतिक स्पर्धेत धावली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितले, की वजन उतरवण्याच्या दबावाखाली तीन वर्षे तिची पाळी थांबली आणि पाच हाडे मोडली. नाशिकला हे अधिक कळायला हवे. कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून त्या परिसरातल्या कितीतरी मुली मैदानावर आल्या आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाचीही पाळी "चांगल्या सरावाची खूण" म्हणून गमावली जाऊ नये. प्रशिक्षकांना एक विनंती नक्की करा: मुलींचे वजन सर्वांसमोर करू नये आणि पाळीची नोंद सरावाच्या वहीत, मुलीच्या संमतीने, ठेवावी.

सासूबाईंच्या शेवटच्या भीतीविषयी. ऊर्जेच्या कमतरतेने पाळी थांबते तेव्हा अंडाशयातली बीजे नष्ट होत नाहीत. त्यांना संदेश मिळणे बंद झालेले असते. खाणे सुधारले की बहुतेक मुलींची पाळी परत येते, मात्र त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात, काहींना सहा महिन्यांहून अधिक. पुढे मूल होण्याची आशा सोडण्याचे काहीही कारण नाही. हाडांचे नुकसान मात्र पूर्णपणे भरून येतेच असे नाही, म्हणून घरातल्या काळजीचा रोख लग्नाकडून हाडांकडे वळवा.

मुलीशी बोलताना वजनाचा आकडा तोंडात आणू नका. काही महिन्यांत तिचे वजन दोन-तीन किलोंनी किंवा त्याहून जास्त वाढेल आणि वाढायलाच हवे. त्या वेळी घरात कोणी "गाल वर आले" असे कौतुकानेही म्हटले, तरी तिला ते टोचेल. तिला विचारा, की धावताना पूर्वीइतका आनंद होतो का, आणि मग ऐकत राहा. ती जेवण लपवते, जेवल्यानंतर उलट्या करते, जास्त खाल्लेल्या पोळीची भरपाई म्हणून जास्तीचे किलोमीटर धावते, चौघांत बसून जेवायला टाळते, असे काही आढळले, तर आहाराचा सल्ला एकट्याने पुरणार नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक सोबत हवेत. विचारांची घडी बदलणाऱ्या समुपदेशनाने अशा मुलींची पाळी परत आल्याचे नियंत्रित अभ्यासातही दिसले आहे.

डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या. मात्र तिला चक्कर येऊन ती पडली, छातीत धडधड वाढली, वारंवार उलट्या होऊ लागल्या, किंवा नडगी, मांडीचा सांधा वा कंबर यांपैकी कुठेही रात्री झोपेतून उठवणारी वेदना सुरू झाली, तर त्या वेळेची वाट पाहू नका, तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्या. मांडीच्या सांध्याजवळचे स्ट्रेस फ्रॅक्चर दुर्लक्षित राहिले तर शस्त्रक्रिया लागू शकते.